डावखुऱ्या हाताची तुरपाई

३ फेब्रुवारी, सोमवार

वकीलबाईंनी सांगितलं म्हणून ही वही. कपाटात मापांची एक कोरी वही पडून होती, तीच काढली. प्रत्येक पानावर छाती, कंबर, उंची असे रकाने छापलेले आहेत, त्यांच्यावरूनच लिहिते आहे. वकीलबाईंचं म्हणणं असं की मुलाच्या ताब्याच्या दाव्यात तोंडी सांगण्याला कुणी विचारत नाही; तारीखवार लिहिलेलं असलं की न्यायाधीश निदान चाळतात तरी. मुलगी किती वाजता गेली, किती वाजता आली, काय खाऊन आली, अंगावर काही खूण होती का, हे सगळं टिपायचं. तुम्हाला काय वाटतं ते मात्र लिहू नका, म्हणाल्या. वाटतं तेच लिहायचं नाही तर मग लिहायचं काय, डोंबल?

तर सुरुवातीपासून. माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे आणि त्याच्या मागच्या दोन खोल्यांत मी आणि माझी मुलगी राहतो. मुलगी नऊ वर्षांची. एका जागी बसत नाही म्हणून भिंगरी. शाळेच्या दाखल्यावर वेगळं नाव आहे, पण त्या नावानं हाक मारली तर ती वळूनही बघत नाही. तिचे बाबा फ्रिज दुरुस्त करतात. दीड वर्षापूर्वी आम्ही वेगळे झालो. घटस्फोटाला दोघांचीही ना नाही, भांडण आहे ते भिंगरीवरून. निकाल लागेपर्यंत ती माझ्याकडे, आणि एक आड एक शनिवार-रविवार त्याच्याकडे, असा कोर्टाचा तात्पुरता हुकूम आहे. आता त्यानं अर्ज टाकलाय की एक आठवडा आईकडे आणि एक आठवडा बाबांकडे. म्हणजे महिन्यातले पंधरा दिवस माझी पोर माझ्या डोळ्यांसमोर नाही. हे मी होऊ देणार नाही. कोर्टाच्या कागदात त्याला ‘सामनेवाले’ म्हणतात. पूर्वी मी ‘अहो’ म्हणायचे.

काल रविवार. सहाला आणून सोडायचं ठरलेलं, सहा वाजून बारा मिनिटांनी आणलं. जेवण: अंडं आणि पाव. अंगावर खूण नाही. कपडे दोन जोड नेले, दोन जोड परत. एका पायमोज्याला भोक, नेताना नव्हतं. लिहिलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ताईचा फोन. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, त्यामुळे माझ्या संसाराबद्दल माझ्याहून सहा वर्षं जास्त माहिती तिला असते. त्याचं घर कसं आहे म्हणून विचारत होती. भिंगरी म्हणते स्वच्छ असतं, असं मी सांगितलं. ताई म्हणाली, “एकटा पुरुष दीड वर्ष राहतोय आणि घर स्वच्छ? आगीशिवाय धूर निघत नाही बाई.”

मी तिला उडवून लावलं. पण दिवसभर पँटी उसवताना तेच डोक्यात. लग्नाच्या अकरा वर्षांत त्यानं ओला टॉवेल एकदाही दोरीवर टाकला नव्हता, आणि आता घर स्वच्छ.

१६ फेब्रुवारी, रविवार

आली सहाला पाच कमी असताना. लवकर का? त्यांना कुठे जायचं होतं का?

भिंगरी आली की मी तिची बॅग कापायच्या टेबलावर उपडी करते. एकेक कपडा दिव्याखाली धरते आणि उलटा करून शिवण बघते. कपड्याचं बाहेरून काही कळत नाही. ती तोवर पलीकडे, माझ्यासमोर उभी असते. तिची जागा तीच. अभ्यासालाही ती समोरच बसते, कारण माझ्या बाजूला इस्त्री तापलेली असते.

निळ्या फ्रॉकचं दुसरं बटण. बटण तेच, पण लावलेला हात माझा नाही. मी चार भोकांतून दोन सरळ टाके घेते आणि खाली दोऱ्याचे तीन वेढे देते. ह्याला फुलीचे टाके, खाली आठ-नऊ वेढे आणि वर दोन गाठी. जिला फारसं येत नाही पण जिनं फार मनावर घेतलंय, अशा बाईचं काम. तो शक्यच नाही. त्याला सुईत दोरा ओवायला दिला तर सुई वाकवून परत देईल.

मी विचारलं, बटण कुणी लावलं? कुठलं बटण, म्हणाली. हे. ते आधीपासूनच तसं होतं, म्हणाली आणि चपलांकडे बघत राहिली. माझी मुलगी खोटं बोलत नाही. म्हणजे कुणीतरी शिकवलंय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला पट्टी. रविवारी मी बघितली नव्हती की नव्हतीच? विचारलं तर म्हणे पेन्सिलीला टोक काढताना लागलं. पट्टी काढून पाहिली. ब्लेडनं कापलं की चीर पडते, इथं बारीक टिपके आहेत, तीन. काय टोचलं असेल? तिथं फ्रिजच्या तारा, पत्रे, काय काय पसरलेलं असतं. लिहून ठेवलं: सामनेवाल्यांच्या घरी मुलीच्या सुरक्षिततेकडे दुर्लक्ष.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

बारीक सुयांच्या डबीत आठ हव्यात, सात आहेत. सुई जमिनीवर राहिली तर पायात जाते, म्हणून मी रोज मोजते. सकाळी कोट घट्ट करायला आलेली बाई टेबलाशी फार घुटमळत होती. सुई कशाला चोरेल कुणी, पण आजकाल कुणाचं काही सांगता येत नाही. भिंगरीनं अर्धा तास लोहचुंबक घेऊन टेबलाखाली शोधलं. कोपरान् कोपरा पाहिला तिनं. नाही सापडली. पोरगी गुणाची आहे.

२ मार्च, रविवार

सापडलं.

सुई नव्हे, दुसरंच. पायजम्याची उजव्या पायाची किनार उसवून पुन्हा शिवलेली आहे, वीतभर. हातानं केलेली तुरपाई. दिव्याखाली धरली. टाके उलटे कललेत.

वकीलबाईंना समजावं म्हणून नीट लिहिते. किनार दुमडून हातानं शिवतो, तिला तुरपाई म्हणतात. उजव्या हातानं काम करणारा माणूस उजवीकडून सुरू करून डावीकडे जातो, आणि टाके एका बाजूला झुकतात. डावखुरा उलट दिशेनं जातो, त्याचे टाके दुसऱ्या बाजूला झुकतात. सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांनी शिवलेलं उसवते आहे. कागदावरची सही खोटी करता येईल, टाका खोटा करता येत नाही. हे डावखुऱ्या हाताचं काम आहे. मी उजवी, तो उजवा, सासूबाई होत्या तेव्हा त्याही उजव्या.

म्हणजे त्या घरात एक डावखुरी बाई आहे. ती माझ्या मुलीचे कपडे हाताळते. माझी मुलगी तिला पाठीशी घालते.

भिंगरीला काही विचारलं नाही. पायजमा कागदी पिशवीत घातला आणि वर तारीख टाकली. ती टेबलापलीकडून बघत होती. “तो मी उद्या घालणार होते,” एवढंच म्हणाली.

४ मार्च, मंगळवार

वकीलबाईंकडे गेले. त्यांनी पायजमा उलटसुलट करून पाहिला. त्यांना काही दिसलं नाही हे उघड होतं, पण माझा चेहरा बघून त्या खुर्चीत ताठ झाल्या. घरात परकी व्यक्ती, तीही लपवलेली. मुलीला खोटं बोलायला शिकवणं. बोटाला जखम. तिन्ही मिळून अर्ज होतो, म्हणाल्या. मुलीचं त्याच्याकडे रात्री राहणं तूर्त बंद करावं, असा.

खरं काय ते कळेपर्यंतच ना, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, अर्थातच. मग वहीच्या झेरॉक्स काढल्या. मला काय वाटतं ते जिथं लिहिलंय तिथं कागदाचे तुकडे ठेवून झाकलं. बरंच झाकावं लागलं.

७ मार्च, शुक्रवार

त्याच्या घराखाली औषधाचं दुकान आहे. शनिवारी मी भिंगरीला त्याच्यासमोरच सोडते. गेल्या वेळी गल्ल्यावरची बाई त्याच्याशी हसून बोलताना मी पाहिली होती. आज मुद्दाम गेले आणि खोकल्याचं औषध मागितलं. बिल लिहायला तिनं पेन उचललं ते डाव्या हातानं.

मी विचारलं, शिवणकाम येतं का हो तुम्हाला? ती बघतच राहिली. म्हणाली, “मला साधं बटण लावता येत नाही ताई, आमच्याकडे नवरा लावतो.” आणि लगेच आतल्या बाजूला बघून, “अहो, ऐकलंत का?” आतून एक गुटगुटीत माणूस चष्मा पुसत बाहेर आला. दोघंही माझ्याकडे काळजीनं बघत होते. खोकला कधीपासून आहे, म्हणून विचारलं त्यानं.

नवरा असला म्हणून काय झालं. ठेवते लक्षात.

१६ मार्च, रविवार

आज नवलच झालं. मी हात लावायच्या आत भिंगरीनं स्वतःच बॅग टेबलावर उघडली. सगळे कपडे घडी करून आणलेले, आणि तेही आतली बाजू बाहेर काढून. दिवासुद्धा तिनंच लावला. कुणी सांगितलं असं करायला, विचारलं. “कुणी नाही. तुला बघायचं असतं ना.”

आज काही सापडलं नाही. त्यामुळे जास्तच संशय आला. एवढं नीटनेटकं असतं का कुठे? सावध झालेत. मग शेवटी सरळच विचारायचं ठरवलं. बाबांकडे कोण येतं, कोण स्वयंपाक करतं, शनिवारी कुठे गेला होतात, कपडे कोण धुतं, बाबा फोनवर कुणाशी बोलतात. अकरा प्रश्न विचारले, मोजले आहेत. अकराही वेळा “माहीत नाही.”

मग तिनं मला विचारलं, “आई, तू ह्या वहीत काय लिहितेस?”

मापं लिहिते, म्हटलं. कुणाची? गिऱ्हाइकांची. ती वहीकडे बघत राहिली. “माझं पण माप लिहितेस?” मी हसून तिच्या गालाला हात लावला. तिनं मान जराशी बाजूला घेतली. हे तिकडे शिकली असणार.

२४ मार्च, सोमवार

अर्ज मंजूर. न्यायाधीशबाईंनी हुकूम दिला की कोर्टाच्या समुपदेशक बाईंचा अहवाल येईपर्यंत मुलीनं वडिलांकडे राहायला जायचं नाही. दर शनिवारी दोन तास कोर्टातल्या मुलांच्या खोलीत भेट, समुपदेशक बाई हजर असताना. तो काही बोलला नाही. नुसता उभा राहिला, मग बसला. त्याचा वकीलच काय ते बोलत होता. दोषी नसता तर ओरडला असता की नाही?

ताईला फोन केला. तिला ब्रह्मानंद झाला. मलाही व्हायला हवा होता.

घरी येऊन भिंगरीला सांगितलं की आता काही दिवस बाबांकडे राहायला जायचं नाही. का, म्हणाली. मी म्हटलं, मोठ्यांचं काम आहे. “पण मी सगळं नीट आणलं होतं,” म्हणाली. काय नीट आणलं होतंस? तर काही नाही, म्हणाली आणि आत गेली. ताट तसंच राहिलं. तापबीप नाही, बघितलं.

२९ मार्च, शनिवार

पहिली भेट. मला आत जायला परवानगी नाही. बाहेर बाकावर बसायचं. दाराला वर काच आहे, पण बसलेल्या माणसाला छतच दिसतं. दोन तास छत बघितलं. आतून हसण्याचा आवाज एकदाही आला नाही. मला बरं वाटलं. ते वाटल्याची लाजही वाटली, पण आधी बरं वाटलं हे खरं.

५ एप्रिल, शनिवार

हे मला नीट लिहिता येईल की नाही माहीत नाही.

अर्धा तास बाकावर काढला आणि मग पाय मोकळे करायच्या निमित्तानं काचेशी गेले. समुपदेशक बाई कोपऱ्यात कागद घेऊन बसल्या होत्या. तो आणि भिंगरी बुटक्या खुर्च्यांवर, मध्ये लाकडी ठोकळ्यांचा मनोरा. भिंगरीनं लांब पिवळा स्कर्ट घातला होता. ती उठायला आणि त्याच्या खुर्चीचा पाय स्कर्टवर असायला एकच गाठ पडली. किनार टरकन उसवली, हातभर तरी.

तिनं आधी स्कर्टकडे पाहिलं नाही. तिनं आधी दाराकडे पाहिलं. मी पटकन मागे झाले.

पुन्हा पाहिलं तेव्हा ती दप्तरातून कंपासपेटी काढत होती. पेटीतून खोडरबर. खोडरबरात माझी बारीक सुई खोचलेली. पेन्सिलीच्या तुकड्याला दोरा गुंडाळलेला. तिनं दाताखाली दोरा तोडला, एका झटक्यात ओवला, किनार मांडीवर घेतली आणि शिवायला लागली. त्यानं दोन बोटांनी कापड ताणून धरलं. कुठं धरायचं ते त्याला सांगावं लागलं नाही, म्हणजे ही पहिली वेळ नव्हती. सुई तिच्या उजव्या हातात होती. आणि तुरपाई डावीकडून उजवीकडे चालली होती.

भिंगरी डावखुरी नाही. मला क्षणभर कळेचना. मग कळलं. चार वर्षांची असल्यापासून ती माझ्यासमोर बसून मला बघते आहे. माझा हात माझ्या डावीकडे सरकतो, तो तिला तिच्या उजवीकडे जाताना दिसतो. मी तिला कधी शिकवलं नाही, सुईला हात लावू दिला नाही. तिनं जसं दिसलं तसं उचललं. सव्वीस वर्षांचा माझा अनुभव, आणि मला माझ्याच पोरीचा हात ओळखता आला नाही.

मी दार ढकलून आत गेले. समुपदेशक बाई उठल्या. भिंगरीनं सुईसकट मूठ मिटली.

“भिंगरी, हात उघड.”

“काही फाटलं नाही आई. बाबांनी काही नाही केलं.”

मी तिच्यापुढे बसले आणि एकेक बोट उघडलं. सुई तळव्यात रुतली होती. ती रडत नव्हती. माझ्याच डोळ्यांना धार लागली. तो हळू आवाजात म्हणाला, “मी किती वेळा म्हटलं, राहू दे, आई करेल घरी. ऐकत नाही. म्हणते, आईला काही फाटलेलं दिसलं की ती वहीत लिहिते, आणि मग कोर्टात बाबांना ओरडतात.”

मला सांगायचं नाही का, असं मी म्हटलं. तो म्हणाला, “कधी सांगू? तू माझ्याशी बोलतेस कुठे?” मग म्हणाला, “आणि खोटं कशाला बोलू, तिनं माझ्यासाठी केलेलं मला बरंही वाटत होतं.”

ह्या वाक्याबद्दल मी त्याला माफ करणार नाही. मोठा माणूस, आणि नऊ वर्षांच्या मुलीला आपल्यासाठी बोटं टोचून घेऊ देतो. पण बोट दाखवायला माझा हात उचलला गेला नाही. समुपदेशक बाई कागदावर काहीतरी लिहीत होत्या. आपल्यासमोर बसून कुणी आपल्याबद्दल लिहीत असलं की कसं वाटतं, ते मला आज कळलं.

८ एप्रिल, मंगळवार

वकीलबाईंना सगळं सांगितलं. अर्ज मागे घ्या, म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि समजूत घातली. अर्जात ‘डावखुरी’ असा शब्द कुठे आहे? आपण ‘परकी व्यक्ती’ म्हटलंय. समुपदेशक बाईंनी मुलगी शिवताना पाहिली, एवढंच. त्याचा आपल्या अर्जाशी काय संबंध हे त्यांना कळायचं कारण नाही. गप्प राहा. स्वतःहून सांगितलंत तर न्यायाधीशांना वाटेल, ही बाई मुलीच्या मनाशी खेळते. मग आठवडा-आठवडा त्यांना मिळालाच म्हणून समजा. कदाचित जास्तही.

ताईचंही तेच. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस, म्हणाली. दोघींचंही खरं आहे, त्याचाच तर त्रास आहे. मी गप्प बसले तर भिंगरी माझ्याकडे राहते.

१० एप्रिल, गुरुवार

दुपारी दुकान बंद ठेवून वही पहिल्यापासून वाचली. वेळा आहेत, कपडे आहेत, टाके आहेत, औषधाच्या दुकानातली बाई आहे. माझे प्रश्न आहेत. भिंगरीनं आपणहून काही सांगितल्याचं एकाही पानावर नाही. पूर्वी ती शाळेतून आली की दाराबाहेरूनच बोलायला सुरुवात करायची, मीच म्हणायचे, अगं आधी हातपाय तरी धू. ते कधी थांबलं ते काही मला सापडलं नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

समुपदेशक बाईंकडे गेले. वकीलबाईंना न विचारता. सगळं सांगितलं: बटण, तुरपाई, डावखुरी बाई, औषधाचं दुकान. त्या हसल्या नाहीत. वही पुढे ठेवली, झाकलेलं काही नव्हतं. त्यांनी पानं चाळली आणि विचारलं, “रविवारी सहाला ती आली की तुम्ही तिला पहिलं काय म्हणता?”

जेवलीस का म्हणते, असं मी म्हटलं.

“त्याच्या आधी?”

मी आठवून पाहिलं. बॅग दे म्हणते.

त्यांनी मान डोलावली. पुढे काही विचारलं नाही. मी सांगितलं की मुलगी माझ्यापासून तोडू नका, बाकी काय हवं ते लिहा. त्या म्हणाल्या, तोडण्याबद्दल मी काही लिहीत नाही, जे आहे ते लिहिते.

२१ एप्रिल, सोमवार

हुकूम झाला. शनिवार-रविवार पूर्वीसारखे सुरू, शिवाय दर बुधवारी शाळा सुटल्यापासून सातपर्यंत भिंगरी त्याच्याकडे. आठवडा-आठवड्याचा अर्ज सहा महिन्यांनी पुन्हा ऐकणार. आईनं मुलीला दुसऱ्या घराबद्दल प्रश्न विचारायचे नाहीत आणि वडिलांनी मुलीकरवी आईपासून काही लपवायचं नाही. न्यायाधीशबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, मुलीला साक्षीदार करू नका. भर कोर्टात.

वकीलबाई बाहेर येऊन म्हणाल्या, थोडक्यात निभावलं. माझ्यावर रागावल्यात, ते बरोबरच आहे. सहा महिने आहेत, वही मात्र चालू ठेवा, म्हणाल्या. मी हो म्हटलं. बुधवार गेला तो गेलाच. खरं बोलून माझ्या हातात काय आलं, असं रस्ताभर वाटत राहिलं. आणि त्याचं घर इतकं स्वच्छ कसं, हा प्रश्न अजूनही तिथंच आहे. माणूस एका दिवसात बदलत नाही.

२७ एप्रिल, रविवार

भिंगरी आली. किती वाजता ते बघितलं नाही, म्हणजे घड्याळाकडे पाठ करून बसले होते. ती नेहमीच्या जागी, टेबलापलीकडे जाऊन उभी राहिली. बॅग टेबलावर ठेवली. मी इस्त्री करत राहिले. तिनं बॅग माझ्याकडे थोडी सरकवली.

“बघायची नाही?”

तुझी आहे, तूच ठेव कपाटात, म्हटलं. तिला ते खरं वाटलं नाही. माझ्या चेहऱ्याकडे ती तशीच बघत राहिली, जशी मी दोन महिने तिच्याकडे बघत होते. डोक्याला नवी क्लिप होती, हिरवी, मी घेतलेली नव्हे. माझी जीभ किती वळवळली ते मलाच ठाऊक. मी विचारलं, ऑम्लेट खाशील? ती हो म्हणाली.

मी कांदा चिरायला घेतला. ती बॅग ठेवून आली आणि ह्या वेळी समोर न बसता माझ्या बाजूला, ओट्याला टेकून उभी राहिली. तिच्याजवळ उत्तरं तयार होती, दिसत होतं, आणि प्रश्न येत नव्हता. एका पायावरून दुसऱ्या पायावर झालं. पाण्याचा ग्लास भरून झाला, पिऊन झाला. मी अंडी फोडली. एक शब्द बोलले नाही. आयुष्यात एवढं कठीण काम मी केलेलं नाही.

“आई, एक सांगू? पण लिहायचं नाही.”

नाही लिहिणार, म्हटलं.

मग ती बोलायला लागली. ऑम्लेट झालं, खाऊन झालं, ताटं तशीच, आणि ती बोलतेच आहे. मधे हात हलवून दाखवत होती, उठून चालून दाखवत होती. दोनदा मला इतकं हसू आलं की ठसका लागला. एक गोष्ट मला लागली, अजून दुखते आहे. आणि त्या घरात कोण येतं-जातं, वकीलबाई ज्याच्या मागे होत्या, ते त्यातच होतं, पहिल्या पाच मिनिटांत, सहज. मी तिला मधे अडवलं नाही. पुढं काय झालं, एवढंच दोनदा विचारलं.

ती काय म्हणाली ते इथं लिहीत नाही. तसं कबूल केलंय.